सोडलेला श्वास पुन्हा घेताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की मराठवाड्यातल्या गावांत पाणी टिकून असलेल्या मोजक्या विहिरी मुलांनी गजबजून जातात. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव घ्या किंवा आसपासचे कोणतेही गाव घ्या, चित्र सारखेच असते. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहणे शिकायचे, आणि ते जमले की बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. अशी बुडी मारण्यापूर्वी काही मुले काठावर उभी राहून आठ-दहा वेळा जोरजोराने श्वास घेतात व सोडतात. त्यामुळे छातीत जास्त प्राणवायू साठतो आणि पाण्याखाली जास्त वेळ राहता येते, असा त्यांचा समज असतो.

जास्त वेळ राहता येते हे खरे आहे. पण त्याचे कारण मुले समजतात ते नाही, आणि जे खरे कारण आहे त्यात जिवाचा धोका आहे. कुंभार पिंपळगावपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही या विहिरीच्या काठावर जो प्रश्न उभा राहतो, तोच समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी श्वसनयंत्रे बनवणाऱ्यांना सोडवावा लागला. म्हणून प्रथम त्या यंत्रांचा इतिहास पाहू आणि शेवटी पुन्हा विहिरीवर येऊ.

एका श्वासाचा हिशेब

आपण घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बाहेर टाकलेल्या हवेतही तो १६ ते १७ टक्के शिल्लक असतो. म्हणजे प्रत्येक श्वासातला चार-पाच टक्के भागच आपण वापरतो आणि त्याच्या बदल्यात जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. जमिनीवर या उधळपट्टीचे काही वाटत नाही. पाण्याखाली मात्र ती फार महाग पडते.

आज मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पर्यटक जी स्कूबा साधने लावून उतरतात, त्यांत पाठीवरच्या टाकीत दाबाखाली भरलेली साधी हवा असते. ती नळीतून तोंडात येते आणि उच्छ्वासाबरोबर बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात निघून जाते. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने हवा भरली, तर ती पृष्ठभागावर २४०० लिटर होते. काम करणाऱ्या माणसाला मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर ही टाकी पृष्ठभागावर दोन तास पुरेल. आता ३० मीटर खोल जा. दर १० मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो, म्हणून तेथे एकूण दाब चौपट असतो. छाती भरायला चौपट हवा लागते आणि तीच टाकी अर्ध्या तासात संपते.

पण शरीराने प्रत्यक्ष जाळलेला प्राणवायू खोलीबरोबर वाढत नाही. मध्यम कष्टाला तो मिनिटाला सुमारे एक लिटरच लागतो, मग माणूस विहिरीच्या काठावर असो की समुद्रतळाशी. तेव्हा सोडलेला श्वास वाया न घालवता पिशवीत धरला, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला आणि खर्च झालेला प्राणवायू तेवढा पुन्हा घातला, तर दोन-तीन लिटरच्या लहानशा बाटलीवर काही तास काढता येतील. बुडबुडेही निघणार नाहीत. ‘रीब्रीदर’ म्हणजे सोडलेला श्वास परत देणारे यंत्र. त्याचे संपूर्ण तत्त्व एवढेच आहे. हवेचा मार्ग पूर्ण बंद असतो, म्हणून त्याला बंद चक्राचे यंत्र म्हणतात.

चुन्याची निवळी आणि पेशीवाला श्वान

कल्पना जुनी आहे. इटलीच्या बोरेलीने १६८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हवेची पिशवी घेऊन पाण्यात उतरणारा माणूस कल्पिला होता. सोडलेली हवा तांब्याच्या नळीतून फिरवून थंड केली की तिच्यातला दोष नळीत साचून राहील आणि ती पुन्हा श्वासाला योग्य होईल, असे त्याला वाटले. ते चूक होते. मात्र ही चूक त्याच्या बुद्धीची नव्हती. उच्छ्वासात नेमके काय असते, हेच त्या काळी कोणाला माहीत नव्हते.

ते कळायला पुढे सत्तर-ऐंशी वर्षे लागली. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५०च्या दशकात चुन्याची निवळी गढूळ करणारा वायू ओळखला आणि तोच आपल्या उच्छ्वासात असतो हे दाखवले. पुढे प्रीस्टली व शेले यांनी प्राणवायू वेगळा केला आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हे लाव्हाझिएने सांगितले. आता यंत्र बनवणाऱ्याला दोन्ही गोष्टी ठाऊक झाल्या. काय घालायचे आणि काय काढायचे, हे समजले. काढण्याचे काम चुना करू शकतो, हेही समजले. वर्गात नळीने निवळीत फुंकर मारल्यावर जो पांढरा गढूळपणा येतो, ती या यंत्राच्या पोटात चालणारीच अभिक्रिया आहे. विरवलेला चुना कार्बन डायऑक्साइड शोषतो, कॅल्शियम कार्बोनेट व पाणी तयार होते आणि थोडी उष्णता बाहेर पडते. यंत्रात निवळीऐवजी कॉस्टिक सोडा मिसळलेल्या चुन्याचे सच्छिद्र दाणे भरतात, एवढाच फरक.

असे यंत्र प्रथम रचणाऱ्यांपैकी एकाचे नाव जीवशास्त्राच्या शिक्षकांना ऐकून माहीत असेल. प्राण्यांचे शरीर पेशींचे बनलेले असते हे सांगणारा थिओडोर श्वान हाच तो माणूस. बेल्जियममध्ये प्राध्यापक असताना, १८५०च्या दशकात, त्याने कोळशाच्या खाणीत विषारी हवेत अडकलेल्यांना सोडवण्यासाठी प्राणवायू व चुना वापरणारे पाठीवरचे यंत्र तयार केले. हे यंत्र प्रथम पाण्यासाठी नव्हे, तर खाणीसाठी जन्माला आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बोगद्यातला अंधार

पाण्यात उतरून उपयोगी पडलेले पहिले यंत्र इंग्लंडच्या हेन्री फ्ल्यूसचे. त्याचे पेटंट १८७८ सालचे आहे. रबराचा मुखवटा, श्वासाची पिशवी, प्राणवायूची तांब्याची टाकी आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात भिजवलेले दोरखंडाचे धागे, असे त्याचे साधे रूप होते.

त्याची कसोटी दोन वर्षांनी लागली. इंग्लंड व वेल्स यांच्यामध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाखालून रेल्वेचा बोगदा खणला जात होता. ऑक्टोबर १८७९ मध्ये जमिनीतला एक मोठा झरा फुटून बोगदा पाण्याने भरला. आतले एक लोखंडी दार उघडे राहिले होते. ते बंद केल्याशिवाय पंपांना पाणी आवरेना. नोव्हेंबर १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या नेहमीचा, वरून नळीने हवा येणारा पोशाख घालून निघाला. पण बोगद्यात विखुरलेल्या सामानात लांबलचक नळी अडकत होती. दार तिथून सुमारे तीनशे मीटर आत होते. तेव्हा फ्ल्यूसला त्याच्या यंत्रासह बोलावले. त्याने स्वतः प्रयत्न केला, पण तो व्यवसायाने पाणबुड्या नव्हता आणि दारापर्यंत पोचू शकला नाही. शेवटी लँबर्टनेच ते अपरिचित यंत्र लावले, गर्द अंधारात चाचपडत दारापर्यंत गेला आणि दार लावून परत आला. पंपांनी बोगदा उपसला. त्याच वर्षी सीहॅमच्या खाणीतल्या स्फोटानंतर आत शिरणाऱ्यांनीही फ्ल्यूसचे यंत्र वापरले.

या कथेला एक गमतीदार पण बोलकी पुरवणी आहे. दाराबरोबर एक झडपही बंद करायची होती. लँबर्टने सांगितल्याप्रमाणे तिचे चाक फिरवले. पाणी उपसल्यावर कळले, की तिचे आटे उलटे होते. झडप आधी बंद होती आणि ती त्याने उघडली होती! अंधारात माणूस फक्त हाताला लागते तेवढेच जाणतो, आणि हाताला लागलेले नेहमी खरे असतेच असे नाही. या यंत्राच्या पुढच्या इतिहासात हा धडा वेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा येतो.

१९०६ साली फ्रान्समधल्या कूरिएरच्या खाणीत स्फोट होऊन १०९९ माणसे मेली. तेव्हा जर्मन खाणकामगारांची पथके आपली श्वसनयंत्रे घेऊन मदतीला धावली. त्यानंतर युरोपात खाण-बचावाची व्यवस्था जोमाने उभी राहू लागली. आपल्याकडेही नागपूर-चंद्रपूर पट्ट्यासारख्या कोळसा खाणींच्या भागांत बचाव पथके बंद चक्राची प्राणवायू यंत्रे वापरतात. विदर्भातला खाणबचावाचा जवान आणि समुद्रातला पाणबुड्या यांची पाठीवरची पेटी अशी एकाच घराण्यातली आहे.

धोक्याची घंटा कोठे असते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. श्वास कोंडला की जीव घाबरा होतो. तो प्राणवायू कमी पडल्यामुळे होतो, असे आपण सहज म्हणतो. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली प्रीस्टली नावाच्या सहकाऱ्याबरोबर (हा प्राणवायूवाला प्रीस्टली नव्हे) दाखवून दिले, की नेहमीच्या परिस्थितीत श्वासाचा वेग कार्बन डायऑक्साइड ठरवतो. फुफ्फुसात त्याचे प्रमाण किंचित वाढले, तरी मेंदू श्वास जोरात घ्यायला लावतो. प्राणवायू कमी झाल्याची सूचना शरीर देतच नाही असे नाही, पण ती क्षीण असते आणि उशिरा येते. माणसाला बहुधा गुदमरल्यासारखे वाटत नाही. थोडे हलके वाटते, कधी उगाच आनंद वाटतो आणि शुद्ध हरपते.

हे रीब्रीदरला लावून पाहा. यंत्रातला चुना कार्बन डायऑक्साइड चोख काढून टाकतो. म्हणजे आपली एकमेव भरवशाची धोक्याची घंटा आपणच काढून ठेवली! आता बाटलीतला प्राणवायू संपला किंवा झडप उघडायची राहिली, तरी पाणबुड्या शांतपणे श्वास घेत राहतो आणि पिशवीतला प्राणवायू संपवत बेशुद्ध होतो. बंद चक्राच्या यंत्राचा सारा इतिहास म्हणजे ही हरवलेली घंटा पुन्हा बसवण्याचा प्रयत्न आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्राणवायूही विष होतो

पूर्वीच्या यंत्रांत यावर सोपा उपाय होता. पिशवीत शुद्ध प्राणवायूच भरायचा. मग कमी पडण्याचा प्रश्न बराच सुटतो. पण ज्या १८७८ साली फ्ल्यूसने पेटंट घेतले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बेर याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाबाखालचा प्राणवायू प्राण्यांना आकडी आणतो आणि मारतो, हे बेरने त्यात प्रयोगांनी दाखवले होते. पाण्याखाली आकडी येणे म्हणजे तोंडातली नळी सुटणे आणि बुडणे. समुद्राच्या जिद्दी अभ्यासक झाक कुस्तोने तरुणपणी प्राणवायूचे यंत्र लावून बुडी मारली, तेव्हा सुमारे १४ मीटर खोलीवर त्याला दोनदा आकडी आली. कसाबसा तो वाचला. पुढे १९४३ साली त्याने गान्याँबरोबर हवेच्या टाकीचे, बुडबुडे सोडणारे यंत्र लोकप्रिय केले, त्यामागे हा अनुभवही होता.

याची किंमत युद्धाच्या तोंडावर आणि युद्धकाळात मोजली गेली. जून १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळ बुडाली. सुटकेची प्राणवायू यंत्रे आत असूनही १०३ पैकी चारच जण बाहेर पडून वाचले. चौकशीसाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन याला बोलावण्यात आले. तो आणि त्याचे स्वयंसेवक पोलादी कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन तासन्‌तास दूषित हवेत बसले आणि नंतर दाबाखाली प्राणवायू घेऊन त्यांनी आकड्याही सोसल्या. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

युद्धकाळात केनेथ डोनाल्ड या नौदलाच्या डॉक्टरने हजारांवर चाचण्या घेतल्या. त्यातून निघालेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. प्राणवायू सोसण्याची शक्ती माणसामाणसांत तर वेगळी असतेच, पण एकाच माणसात आज एक आणि उद्या दुसरी असते. म्हणून आज शुद्ध प्राणवायूचे यंत्र साधारण सहा मीटरपर्यंतच वापरावे असा दंडक आहे. बुडबुडे न दिसणे ज्यांना हवे असते, त्यांना तेवढी खोली अनेकदा पुरते. १८-१९ डिसेंबर १९४१ च्या रात्री इटलीच्या सहा जणांनी अशाच यंत्रांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. १९८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नौदलाच्या ‘मार्कोस’ कमांडोंच्या सामग्रीतही बंद चक्राची यंत्रे असतात.

तीन पहारेकरी

खोल जायचे तर प्राणवायूत दुसरा वायू मिसळायलाच हवा. पण मग पिशवीत प्राणवायू किती उरला, हे मोजणे भाग पडते. फार झाला तर आकडी, कमी पडला तर बेशुद्धी. यांतले मोजमाप टक्क्यांत नव्हे, तर प्राणवायूच्या आंशिक दाबात करतात. तो ०.१६ वातावरणाखाली गेला तर शुद्ध जाण्याचा धोका आणि १.६ च्या वर गेला तर आकडीचा धोका. या दोन काठांमधून नाव हाकायची असते.

प्राणवायू मोजणारे विद्युत संवेदक आल्यावर १९६८ साली वॉल्टर स्टार्क व जॉन कॅनविशर यांनी ‘इलेक्ट्रोलंग’ हे यंत्र आणले. त्यातले विद्युतमंडल स्वतः प्राणवायू मोजत असे आणि कमी पडला की झडप उघडत असे. १९८७ साली बिल स्टोन या अमेरिकन अभियंत्याने फ्लोरिडातल्या वाकुला झऱ्यात आपल्या यंत्रावर सलग चोवीस तास पाण्याखाली काढले. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये ‘इन्स्पिरेशन’ हे यंत्र विक्रीला आले आणि हौशी पाणबुड्यांच्याही हाती ही विद्या आली.

संवेदक म्हणजे एक लहानसा घट. प्राणवायूच्या प्रमाणात त्यातून क्षीण विजेचा प्रवाह निघतो. तो विजेरीच्या सेलसारखा म्हातारा होतो आणि खोटे सांगू लागतो. म्हणून तीन बसवतात. दोघांचे जुळले आणि तिसऱ्याचे वेगळे निघाले, तर तिसऱ्याला खोटा मानतात. बहुमताची ही युक्ती चांगली आहे. पण तिन्ही घट एकाच वेळी घेतलेले असले, तर दोन एकदमच म्हातारे होऊ शकतात. मग खरे बोलणारा तिसरा बहुमताने खोटा ठरतो! लँबर्टच्या उलट्या आट्यांची येथे आठवण होते. चुन्याची अडचण वेगळी. तो संपला की कार्बन डायऑक्साइड साचतो, पण तेव्हा डोकेही गुंगत असल्याने उमज पडत नाही. म्हणून चुना किती तास वापरला याची नोंद ठेवूनच तो बदलतात. त्यात पाणी शिरले तर दाहक द्रव तोंडात येतो. पानाला चुना जास्त लागला की तोंड भाजते, त्याच्या कित्येक पटींनी हे भाजणे असते.

१९९८ ते २०१० या काळात जगात हौशी वापरातल्या या यंत्रांवर १८१ मृत्यूंची नोंद एका अभ्यासात केली गेली. साध्या स्कूबाच्या तुलनेत धोका सुमारे दहापट असावा, असा त्यात अंदाज होता. झडप उघडली का, घट तपासले का, चुना नवा आहे का, अशा साध्या गोष्टी राहून गेल्याने माणसे दगावली आहेत.

तेव्हा असे यंत्र निवडताना काय पाहावे, याचे उत्तर इतिहासच देतो. किती तास चालते आणि किती खोल जाते, हे प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचे. पहिला प्रश्न असा, की जे माझ्या शरीराला कळत नाही, ते हे यंत्र मला कसे सांगणार, आणि ते खोटे सांगू लागले तर मला कसे कळणार? काही जण प्राणवायू हाताने सोडण्याचे यंत्र घेतात, कारण मग काट्यावरून नजर हटवता येत नाही. काही जण स्वयंचलित यंत्र घेतात, कारण माणसाचे लक्ष यंत्रापेक्षा आधी चळते. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे. संशय आला, की लगेच वळण्यासाठी साध्या वायूची वेगळी टाकी जवळ हवीच.

पुन्हा विहिरीवर

आता काठावरच्या त्या मुलाकडे वळू. जोरजोराने श्वास घेतल्याने त्याच्या रक्तात प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण ते आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे यंत्रातला चुना जे करतो, तेच हा मुलगा नकळत करतो. त्याने आपली घंटा काढून ठेवली! त्याला वर यावेसे वाटत नाही. प्राणवायू घटत जातो. वर येऊ लागल्यावर पाण्याचा दाब कमी होतो, तसा फुफ्फुसातल्या प्राणवायूचा आंशिक दाब आणखी उतरतो आणि पृष्ठभागाला हात लागण्याआधीच शुद्ध हरपू शकते. चांगला पोहणारा मुलगा आवाज न करता बुडतो, त्याचे हे एक कारण आहे.

गाळ काढायला किंवा मोटर दुरुस्त करायला कोरड्या, बंदिस्त विहिरीत उतरणाऱ्यांची गोष्टही याच कुळातली. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी येथे बायोगॅससाठी वापरलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढायला एक जण उतरला. त्याच्यामागून त्याला वाचवायला एकेक जण उतरत गेला आणि पाच जण गेले. कमरेला दोर बांधलेला एक जण तेवढा वाचला. आत सोडलेला कंदील विझला तर उतरू नये, ही जुनी रीत अर्धीच खरी आहे. प्राणवायू फार कमी असला तर कंदील विझतो, पण विषारी वायू तो ओळखत नाही, आणि आत जळणारा वायू असला तर स्फोट होऊ शकतो. अशा जागी श्वसनयंत्राशिवाय कोणीही उतरू नये, वाचवायलाही नाही. अग्निशमन दलाला बोलवावे.

वर्गात हे दाखवायला दोन गोष्टी पुरेत. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती गढूळ करा, मात्र नळीने द्रव ओढला जाणार नाही याची काळजी घ्या. मग बाकावर बसूनच प्रत्येकाला श्वास रोखून आकडे मोजायला सांगा आणि असह्य झाले की सोडून द्यायला सांगा. जोरजोराने श्वास घेऊन तोच प्रयोग करून पाहू देऊ नका, आणि का नाही ते समजावून सांगा. ‘आता सोडा’ असे जे आतून सांगते, ते प्राणवायू नव्हे, कार्बन डायऑक्साइड सांगतो, एवढे मुलांच्या मनात पक्के बसले, तर येत्या सुट्टीत काठावर उभे राहून कोणी जोरात श्वास घेऊ लागला, की त्याला थांबवणारा एखादा सवंगडी तरी तेथे असेल.